कानीसार्दच्या बाजारातली अरबी हाक

१

नवरोजच्या, म्हणजे कुर्दी नववर्षाच्या, आदल्या दिवशी, भर सकाळी, कानीसार्दच्या बाजारात करपलेल्या नानाचा वास सुटला.

पेरवीनच्या भट्टीतून असा वास कधी येत नसे. वर्षभरापूर्वी ती एकटीच आमच्या गावात आली, बाजाराच्या टोकाला तंदूर पेटवून बसली आणि महिन्याभरात अख्ख्या गल्लीला तिच्या नानाची चटक लागली. बोलायची कमी. पण हात असा की नान फुगून लाल व्हायच्या नेमक्या क्षणी सळई आत जायची.

त्यामुळे धूर पाहून लोक आधी हसले आणि मग दुकानात डोकावले. तंदूरशेजारी पेरवीन पालथी पडली होती. डोक्यामागे जखम, शेजारी नान काढायची लोखंडी सळई. आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन, दोन्ही हात रक्तानं माखलेला खलफ चांभार बसला होता.

खलफ अरब. मोसुलकडची लढाई पेटली तेव्हा बायकापोरांसह पळून आलेला. भट्टीला लागूनच त्याची चपला शिवायची जागा. पाच वर्षं तो तिथं बसत होता, पण त्याला कुर्दी येत होती ती एवढीच – टाच, टाके, उद्या या.

मी पोचलो तेव्हा त्याची कॉलर तिघांच्या हातात होती.

मी सीरवान, आसाइशमध्ये लेफ्टनंट. आसाइश म्हणजे आमच्या भाषेत शांतता, निर्धास्तपणा. सीमेवर लढतात ते पेशमर्गा. गावात माणसाला निर्धास्त झोप लागावी म्हणून जागतात ते आम्ही. त्या सकाळी मला ते नाव जड वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खं गाव मशाली घेऊन डोंगर चढणार होतं, खालच्या शहरांतून कुर्द-अरब पाहुणे गाड्या भरभरून येत होते, आणि इथं भर बाजारात एका बाईचं डोकं फुटलं होतं.

"सोडा त्याला," मागून आवाज आला.

कॅप्टन बेखाल. ठेंगणी बाई, पांढरी होत चाललेली वेणी, तोंडात कायम रानपिस्त्याचा डिंक. लोकांनी कॉलर सोडली नाही, पण ढिली केली.

तिनं आधी पेरवीनची नाडी पाहिली, तिला रुग्णवाहिकेत घातलं. मग दुकानभर नजर फिरवली. तंदूरमध्ये एकच खेप होती, सगळीच्या सगळी कोळसा झालेली. पाटावर कणकेचे गोळे ओळीनं मांडलेले. ओळीतला एक गोळा मात्र नव्हता. तो सापडला उंबऱ्यापाशी, रस्त्याच्या बाजूला. त्यावर बोटांचे ठसे होते, अर्धवट थापलेला. आणि कुणाच्या तरी बुटाखाली चिरडलेला.

"सीरवान, नान थापताना बाई रस्त्यावर कशाला येईल?"

"कुणी हाक मारली असेल."

"हाक मारली तर गोळा पाटावर ठेवून येईल. हातातून पडला, तो का?"

मी उत्तर द्यायच्या आत बाहेर आरोळी उठली. कुणीतरी दोर आणला होता.

२

खलफला गाडीत कोंबून आम्ही ठाण्यात आणलं, आणि बाजार आमच्या मागोमाग ठाण्यात आला.

आमचं ठाणं म्हणजे जुन्या अरब राजवटीच्या गुप्त पोलिसांची इमारत. भिंती जाड, खिडक्या लहान. एक्क्याण्णवच्या उठावात लोकांनी ती जिंकून घेतली. तेव्हापासून तिच्यावर आमचा झेंडा आहे. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आम्ही मुद्दाम बुजवल्या नाहीत.

जमावाच्या पुढे रेझानमावशी होती. तिचे दोन मुलगे मोसुल घेणाऱ्या काळ्या झेंडेवाल्या जिहाद्यांशी लढताना गेले. गावात तिच्यापुढे कुणी खुर्चीत बसत नाही.

"बेखाल पोरी," ती म्हणाली, "त्या माणसाला बाहेर काढ. त्याच्या लोकांनी माझी पोरं खाल्ली. आता घरात घेतलं तर घरातल्या लेकीबाळींवर हात टाकतोय."

"मावशी, त्यानं केलं हे कुणी पाहिलं?"

"हात पाहिले ना सगळ्यांनी."

"जखमी माणसाला उचललं तर माझेही हात असेच होतील."

"तू त्याची बाजू घेतेस?" मागून एकजण ओरडला. "अरबाची?"

बेखाल पायऱ्या उतरली. हातात काही नाही, डिंक गालात सरकवलेला. मी तिच्या मागं उभा राहिलो.

"ह्या इमारतीच्या तळघरात माझ्या बापाला ठेवलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं. "गुन्हा काय? नाक्यावर त्याचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, हा कुर्द आहे, ह्यानंच काहीतरी केलं असणार. मावशी, तुझ्या नवऱ्यालाही तसंच नेलं होतं. त्या दारात मी आईचा पदर धरून आणि तू नवऱ्याची वाट पाहत दिवस काढलेत. आज मी त्याच दारातून एका माणसाला त्याच्या बोलण्यावरून तुमच्या हाती दिलं, तर ही इमारत आपण जिंकली कशाला?"

तिनं छातीवरचा बिल्ला काढून हातात घेतला.

"मशाली पेटायच्या आत मी माणूस शोधून देते. खलफ असेल तर खलफ. नसेल तर जो असेल तो. नाही दिला तर हा बिल्ला मावशीच्या हातात ठेवीन."

रेझानमावशीनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि तिथंच पायरीवर बसली. "मी इथंच आहे," ती म्हणाली. "दोराला हात लावाल तर आधी माझ्याशी गाठ आहे."

आत आल्यावर मी म्हटलं, "कॅप्टन, शब्द देऊन बसलात. हातात काय आहे?"

"कणकेचा गोळा," ती म्हणाली. "आण एकेकाला."

३

गल्लीतल्या प्रत्येकाला विचारलं. त्या वेळी कुणाच्याच नजरेसमोर नव्हते असे तिघंच निघाले. खलफ, कोपऱ्यावरचा जनरेटरवाला रिबवार आणि शाखवान मास्तर.

रिबवार पंचविशीतला, तोंडाळ. तंदूरच्या धुरावरून त्याचं पेरवीनशी रोज वाजायचं.

"भांडत होतो, हो. बायको नाही तर भांडायला कुणीतरी पाहिजे ना," तो म्हणाला. मग बेखालचा चेहरा पाहून सरळ बसला. "मी मशीनखाली झोपून तेल बदलत होतो, कॅप्टन. दिसलं काही नाही. ऐकलं मात्र. गाडीचा ब्रेक करकचला आणि त्याच वेळी कुणीतरी जोरात ओरडलं. अरबीत."

"काय ओरडलं?"

"मला काय कळतंय? आमच्या वेळी शाळेत अरबी होती कुठं? पाहुण्यांची एक छोटी मुलगी गाडीपुढे धावली होती म्हणे. वाचली. तिची आई रडत होती, मग ती मंडळी निघून गेली. खलफच ओरडला असणार. दुसरा अरब आहे कोण गल्लीत?"

"पेरवीनबद्दल काय ठाऊक आहे तुला?"

"झाखोकडची आहे. धूर फार करते." तो खाली बघत म्हणाला, "वाचेल ना ती?"

खलफला मी पाणी दिलं. बेखाल त्याच्याशी अरबीत बोलली. तिच्या वयाच्या लोकांना जुन्या शाळांनी ती भाषा छडी मारून शिकवलेली. नंतर तिनं मला अर्थ सांगितला.

तो दुकानामागच्या नळावर चामडं भिजवत होता. हाक त्यानंही ऐकली, पण पाण्याच्या आवाजात शब्द कळले नाहीत. पाहुण्यांपैकी कुणी असेल असं त्याला वाटलं. तो ओरडला नव्हता. करपल्याचा वास आला म्हणून पुढे आला, तर ती पडलेली.

"तिचं डोकं मांडीवर घेऊन काय पुटपुटत होतास?"

"म्हणालो, बहिणी, माफ कर, मला यायला उशीर झाला."

"कुर्दीत म्हणालास?"

त्या अवस्थेतही खलफ ओशाळला. "कॅप्टनसाहेब, मला कुर्दीत फक्त चपलेचं बोलता येतं."

शेवटी शाखवान मास्तर. गावातला सगळ्यांचा लाडका माणूस. इराणातल्या सनंदजमध्ये वाढलेला, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. पोरांना फुकट शिकवायचा, मशालींच्या मिरवणुकीची सगळी जबाबदारी त्याच्यावर. अरबीचा गंध नाही म्हणून लोक त्याला चिडवायचे. पाहुण्यांना चहा विचारायचा तरी मास्तरांना दुभाषा लागायचा. तो आला तो दारातल्या शिपायांशी हात मिळवत आला.

"खलफवर माझा राग नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "गरीब माणूस. पण खोटं कसं बोलू? लोकांबरोबर मी आत गेलो तेव्हा तो तिला धरून म्हणत होता, माफ कर मला, माफ कर. माणूस उगीच माफी मागतो का, कॅप्टन?"

"नाही मागत," बेखाल म्हणाली. "त्याआधी तुम्ही कुठं होता?"

"शाळेच्या मैदानावर. मशालींच्या चिंध्या मोजत. एकटाच."

"पेरवीनला ओळखता?"

"नान घेण्यापुरतं. लाजरी आहे. गेल्या नवरोजच्या सहलीला ती नुकतीच गावात आली होती, एका कडेला बसलेली. मीच ताट नेऊन दिलं. लेट्यूसची पानं बाजूला काढली, भात भरलेल्या भाज्यांचे दोल्मे जास्त घातले, तेव्हा कुठं जेवली."

"पानं का काढली?"

"तिला चालत नाहीत ना." तो क्षणभर थांबला. "म्हणजे, आवडत नाहीत."

बेखालनं डिंक एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "गुणी आहात मास्तर. उद्याच्या मशाली छान होऊ द्या."

तो गेल्यावर मी म्हणालो, "रिबवारच असणार. रोजची भांडणं, शिवाय साक्षीदार कुणी नाही."

"गाडी काढ," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचंय. तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी ह्या गावात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. निदान आज सकाळपर्यंत माझी तशी समजूत होती."

४

पेरवीन बेशुद्धच होती. डॉक्टर म्हणाले, जगेल. बोलेल केव्हा ते देवाला ठाऊक. दारावर आमच्या दलातल्या दोन मुली बंदुका घेऊन उभ्या होत्या. बेखालनं काचेतून तिच्याकडे पाहिलं.

"तिचं नाव पेरवीन नाही. गुले. ती झाखोची नाही, शिंगालची आहे. यझिदी."

शिंगालचं नाव घेतलं की आमच्याकडे माणसं मान खाली घालतात. काळ्या झेंडेवाल्यांनी तिथल्या, वेगळा धर्म पाळणाऱ्या यझिदींचं काय केलं आणि त्यांच्या लेकी कुठल्या बाजारात नेल्या, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तिला इतर मुलींबरोबर एका घराच्या तळघरात ठेवलं होतं," बेखाल म्हणाली. "तिथला एक रखवालदार. कोणती मुलगी कुणाकडे जाईल, ते तो ठरवायचा. तो आला की मुलींच्या डोळ्यांवर पट्ट्या. चेहरा एकीनंही पाहिला नाही. फक्त आवाज ऐकला, आणि तोही कायम अरबीत. सुटल्यावर गुलेनं न्यायाधीशांपुढे जबानी दिली. मग धमक्या आल्या, म्हणून आपण तिला नवं नाव दिलं आणि इथं आणलं. इथं एकच रस्ता आत येतो आणि त्यावर आपला नाका आहे. मला वाटलं, ह्याहून सुरक्षित जागा नाही."

"म्हणजे तो रखवालदार इथं..." मी म्हणालो. "खलफ अरबी बोलतो, कॅप्टन."

"खलफ वर्षभर तिच्या भिंतीपलीकडे बसून अरबीत गाणी म्हणतो. त्याचा असता तर तिनं तो आवाज पहिल्याच दिवशी ओळखला असता. सीरवान, तिनं आज सकाळी असा आवाज ऐकला, जो ह्या गल्लीत त्या भाषेत कधी ऐकला नव्हता. कणीक हातात घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली, कोण ओरडलं ते पाहिलं, आणि गोळा हातातून पडला."

"आणि त्यानं तिला पाहताना पाहिलं."

"हो. आता सांग, यझिदी माणूस काय खात नाही?"

मी डोकं खाजवलं. आमच्या तुकडीत शिंगालचा एक पोरगा होता. जेवताना आम्ही त्याची चेष्टा करायचो, तो ताटातलं काहीतरी उचलून आमच्या ताटात टाकायचा. हिरवी पानं. लेट्यूस. त्यांच्या धर्मात ते निषिद्ध आहे.

मी म्हणालो, "पण मास्तर? तो तर आपला माणूस."

"म्हणूनच तर," बेखाल म्हणाली. "पण पानांवरून कुणाला फासावर देता येत नाही. तो म्हणेल, सहज काढली. माफीचं म्हणेल, चेहऱ्यावरून अंदाज केला. मला त्याच्या तोंडून अरबी काढायची आहे आणि तो तोंड उघडणार नाही. तेव्हा तोंडाची गरजच पडू नये असं काहीतरी करायला हवं." ती वळली. "तुला अरबी किती येते?"

"दुकानातलं. सलाम, किती, महाग आहे."

"उत्तम. मग तूही चहाला बस."

५

नवरोजच्या दुपारी बेखालनं तिघांना ठाण्यात एकत्र बसवलं. कारण साधं सांगितलं: चौकशी संपली, सह्या करा, सणाचा चहा प्या आणि घरी जा. रेझानमावशी पायरीवरून उठून आत येऊन बसली. तिनं रात्रभर घरून घोंगडी मागवून तिथंच मुक्काम केला होता आणि तिला चहा नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आमचा चहा काळा आणि गोड, छोट्या काचेच्या पेल्यात. शिपायानं तबक फिरवलं. रिबवार सुटल्याच्या आनंदात बडबडत होता.

"मास्तर, मिरवणूक जनरेटरपाशी थांबवा हां. मी दिवे घालवतो, मशाली उठून दिसतील."

"तुझे दिवे तसेही रोज जातातच," मास्तर चहाचे दोन घोट घेऊन म्हणाला आणि आम्ही हसलो.

खलफ हसला नाही. तो कडेला पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. बेखालनं तोंडातला डिंक काढून कागदात गुंडाळला, आपला पेला उचलला आणि खलफकडे वळून सहज, हवापाण्याचं विचारावं तसं, अरबीत दोन वाक्यं बोलली. मला वाटलं, साखर पुरे का विचारतेय.

मी चहा प्यायलो. रिबवारनं एका दमात पेला रिकामा केला आणि जिभेनं ओठ पुसले. मावशीनं बशीत ओतून फुर्रकन ओढला.

खलफचा पेला ओठांपाशी थांबला आणि खाली आला.

शाखवान मास्तरचाही पेला ओठांपाशी थांबला. आणि खाली आला.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. बेखाल मात्र मास्तरच्या हाताकडे बघत होती. तो हात टेबलावर टेकला होता, पेला जवळजवळ भरलेला, आणि हळूहळू त्या हाताची बोटं पांढरी पडत गेली. आपण काय केलं हे त्याला कळलं होतं.

"प्या ना मास्तर," बेखाल कुर्दीत म्हणाली. "गार होतोय."

६

"काय म्हणालीस तू त्याला?" रेझानमावशीनं विचारलं.

"खलफला म्हणाले, पिऊ नकोस, किटलीत पाल पडली होती, मी आत्ताच पाहिली."

रिबवारनं तोंडावर हात दाबला.

"पाल नव्हती रे. बस खाली. तुम्ही तिघं प्यायलात, कारण तुम्हाला कळलं नाही; मावशीनं तर शाळाच पाहिली नाही. खलफ थांबला, त्याची ती भाषाच आहे. मास्तर, तुम्ही का थांबलात?"

"चहा गरम होता," शाखवान म्हणाला.

"त्याआधी दोन घोट घेतले होते तुम्ही." ती त्याच्या समोर बसली. "मी सांगते, चुकलं तर सांगा. काल एक परकी मुलगी गाडीपुढे धावली. तुम्ही रस्त्यात होता, मैदानावर नाही. ती अरबी बोलणाऱ्यांची मुलगी आहे हे तुम्हाला दिसलं आणि विचार करायच्या आत तोंडातून तिच्या भाषेत हाक गेली. पोर थांबली, वाचली; सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे होत्या, ओरडणाऱ्याकडे कुणाची गेली नाही. तेवढं एक चांगलं काम तुमच्या हातून झालं आणि त्यानंच तुम्हाला उघडं पाडलं. कारण भट्टीतल्या बाईनं तो आवाज ओळखला. ती उंबऱ्यावर आली, तुमची नजरानजर झाली. ती फोन घ्यायला आत वळली आणि तुम्ही तिच्या मागं आत गेलात. तिचीच सळई उचललीत. खलफ नळावर पाठमोरा होता; मागच्या दारानं निसटून लोकांबरोबर पुन्हा पुढून आलात. खलफ तिथं बसलेला सापडला हे तुमचं नशीब. तो अरबीत काय म्हणतोय हे लोकांना कळत नव्हतं, तुम्हाला कळत होतं. त्यातली माफी तेवढी ठेवलीत, उशीर झाला हे गाळलंत."

"मी तिला का मारू? ओळखत तरी होतो का?"

"पहिल्याच आठवड्यात ओळखलंत. तुम्ही तिच्या ताटातली पानं काढलीत. ती यझिदी आहे हे माझ्याशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हतं. वर्षभर तिच्याकडून नान घेत राहिलात, कारण तळघरात तिनं तुमचा चेहरा पाहिलेला नव्हता आणि तुमची कुर्दी ऐकलेली नव्हती."

शाखवाननं चौफेर पाहिलं. रिबवारकडे, मग मावशीकडे. त्याला वाटलं असावं, ह्यातलं कुणीतरी म्हणेल, छे, आमचा मास्तर असा नाही. गावात कुणीही त्याच्यासाठी जामीन राहिलं असतं. दोन वर्षांपूर्वी तो गावात राहायला आला तेव्हा राहिलंही होतं; मावशीच राहिली होती.

रेझानमावशी उठली. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, थुंकेल.

"माझ्या धाकट्याच्या खोलीत राहिलास तू," ती म्हणाली. "त्याच्या अंथरुणात झोपलास."

मग ती खलफकडे वळली. त्या बाईला आयुष्यात कधी कुणाची माफी मागताना मी पाहिलं नव्हतं. तिला ते जमलंही नाही. तिनं त्याच्या हातातला गार झालेला पेला काढून घेतला, नवा चहा ओतला, त्यात साखर घातली, ढवळली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

त्या संध्याकाळी मशाली वेळेवर पेटल्या. मिरवणुकीच्या पुढे कोण चालणार हा प्रश्न होता. मावशी चालली. खालच्या शहरांतून आलेल्या हजारो लोकांपैकी एकालाही कळलं नाही की गावात काही घडलं होतं. बेखाल आणि मी नाक्यावर उभे राहून डोंगरावर चढत जाणारी ती आगीची ओळ पाहत होतो. मी तिच्याकडे वळलो.

"शाबासकी नको देऊस," ती म्हणाली, जणू मी काही बोललोच होतो. "तो आपल्या भाषेत बोलला म्हणून सगळ्यांनी त्याला उराशी धरलं. पुढच्या वेळी हे लक्षात ठेव."

पण ती हसत होती.

सण संपल्यावर बाजार उघडला तेव्हा खलफपुढे रांग लागली. लोक चपला घेऊन आले होते, आणि निम्म्या चपलांना काहीही झालेलं नव्हतं. रिबवारनं तर कोरे बूट आणले. खलफनं ते उलटेपालटे करून पाहिले, गंभीरपणे एक टाका घातला आणि म्हणाला, "उद्या या."

७

गुले दोन आठवड्यांनी बोलली. पहिलं वाक्य होतं, "तो पळाला का?" बेखालनं तिचा हात धरून सांगितलं, नाही.

शाखवान हे नावही त्याचं नव्हतं. सनंदज त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. तो सपाटीवरच्या एका कुर्द गावातला, काळ्या झेंडेवाल्यांना आपण होऊन जाऊन मिळालेला. पुढचा तपास शहरातल्या आमच्या लोकांनी केला. त्याच्या तळघरातून सुटलेल्या आणखी मुली त्यांनी शोधून काढल्या. काही तंबूंच्या छावण्यांत होत्या, काही परदेशी गेलेल्या.

खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदारांसाठी न्यायालयात पडदा लावला होता. धमक्या येतच होत्या. गुलेला आम्ही मागच्या दारानं आणलं. तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल होता, यझिदी बायका बांधतात तसा. आमच्या गावात तिनं तो कधी बांधला नव्हता.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचं नाव गुप्त ठेवायचं आहे ना?"

"नाही," पडद्याआडून ती म्हणाली. "आणि हा पडदा काढा."

सरकारी वकील घाईघाईनं उठले. बेखालनं त्यांना खुणेनं थांबवलं.

"बाई, विचार करा," न्यायाधीश म्हणाले. "इथं तुम्हाला सगळे पाहतील. तोही पाहील."

"त्यानं मला पुष्कळ पाहिलंय. डोळे माझे बांधलेले होते, त्याचे नव्हते."

पडदा काढला. ती पुढे आली, कठड्याला हात न लावता उभी राहिली. आरोपी खाली बघत होता. दिवसभरात त्यानं एक शब्दही उच्चारला नव्हता; वकिलानं त्याला तसं बजावलं असणार.

तिनं आपलं नाव सांगितलं. बापाचं नाव, आजोबांचं नाव, गावाचं नाव. मग त्या तळघरातल्या प्रत्येक मुलीचं नाव, जिवंत असलेल्यांचं आणि नसलेल्यांचंही. कुठंही अडखळली नाही. मागच्या बाकावरून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. ती थांबली, हुंदका सरू दिला आणि पुढचं नाव घेतलं.

न्यायालयात साक्षीदारासाठी उठून उभं राहायची रीत नाही. पहिली बेखाल उठली. मग मी, दारावरचे शिपाई, रेझानमावशी, तिच्या शेजारी बसलेला खलफ. न्यायाधीशांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

गुले बोलत राहिली.